खोली कोणासाठी?



संक्रांत झाली, तीळगूळ वाटून झाला. भात कधीच कणगीत गेले, देशावर हुरड्याचे दिवस आले आणि आमच्या कोकणात कलमे मोहोरली. या दिवसांत थोडी उसंत मिळते, आणि घरात कोणी तरी विषय काढतोच, की यंदा कुठे तरी जाऊन येऊ या. म्हणून आज प्रवासाच्या खर्चाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

प्रवास मात्र साधा नाही. समुद्रावरच्या मोठ्या बोटीचा आहे. हल्ली त्याला सगळे क्रूझ म्हणतात. "ताई, आमच्या गावाला एस.टी. वेळेवर येत नाही आणि तुम्ही बोटीच्या गोष्टी काय सांगता?" असे म्हणून पान उलटू नका. तुमच्यापैकी किती घरांतली मुले आज मुंबई-ठाण्याला, पुण्याला, सुरतेला नोकरीस आहेत ते आठवा. मुलगा चार पैसे मिळवू लागला की आईबापांना काही तरी दाखवावे असे त्याला वाटते. पूर्वी तो काशी-रामेश्वर म्हणे, आता बोट म्हणतो. आणि बोट नसेल तरी रेल्वेचा वरचा वर्ग असेल, लग्नाचा हॉल असेल, दवाखान्यातली स्वतंत्र खोली असेल. "थोडे जादा भरा आणि वरच्या दर्जाचे घ्या" हे सांगणारा माणूस आज प्रत्येक दारात उभा आहे. त्याला काय उत्तर द्यायचे, एवढाच आजचा विषय.

आमच्याच घरातली हकीकत सांगते. माझा दादा आणि वहिनी देवगड तालुक्यात राहतात. थोडी भातशेती, थोडी हापूसची कलमे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, भाईंदरला असतो. भाईंदर म्हणजे वसईच्या खाडीच्या अलीकडचे गाव. एके काळी मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडचे कोळीवाडे एवढीच त्याची ओळख होती. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि आता मिरा-भाईंदर म्हटले की इमारतीला इमारत लागलेली. त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर पुतण्याची दोन खोल्यांची जागा आहे. जागेचा हप्ता अजून फिटायचा आहे.

दादा-वहिनींच्या लग्नाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. पुतण्याने ठरवले, की आईबाबांना मुंबईहून गोव्याला बोटीने न्यायचे आणि बोटीनेच परत आणायचे. तीन रात्री. बरोबर तो, त्याची बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. माणसे सहा. त्याने सर्वांत स्वस्त अशा दोन आतल्या खोल्या नोंदवून पैसेही भरले होते. दिवाळीला आम्ही सगळे भाईंदरला जमलो होतो. फराळ चालू असतानाच नोंदणी करणाऱ्या एजंटाचा फोन आला, "साहेब, माणशी फक्त अडीच हजार जादा द्या, समुद्राकडची बाल्कनीवाली खोली देतो. पण आजच सांगा, उद्या राहणार नाही."

पुतण्याने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. सहा माणसे, अडीच हजार, म्हणजे पंधरा हजार. जरा जड, पण जमेल. तो हो म्हणणार, एवढ्यात सूनबाईने हातानेच थांबवले आणि विचारले, "माणशी अडीच हजार एका रात्रीचे, की सगळ्या प्रवासाचे?"

एजंट म्हणाला, "रात्रीचे, मॅडम."

म्हणजे अडीच हजार गुणिले सहा गुणिले तीन. पंचेचाळीस हजार रुपये. वर कर वेगळा. मंडळी, आकडे मी गोल करून सांगते आहे, तुमच्या वेळी ते वेगळे असतील. पण ही गोम मात्र लक्षात ठेवा. बोटीचा भाव बहुधा एका माणसाचा आणि कधी कधी एका रात्रीचा सांगतात. कानाला आकडा लहान लागतो. बाजारात कोणी भेंडीचा भाव पावशेराचा सांगितला, तर तुम्ही आधी किलोचा काढता ना? तसेच हे. सगळी माणसे, सगळ्या रात्री आणि कर धरून एकच आकडा कागदावर मागून घ्या, मगच बोला.

त्या दिवशी फोन ठेवला आणि घरात वाद सुरू झाला. तो सांगण्याआधी बोटीवरच्या खोल्या कशा असतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे वाद कशाचा ते कळेल.

या बोटी म्हणजे पाण्यावर तरंगणारी आठ-दहा मजली धर्मशाळा समजा, फक्त गुळगुळीत. सर्वांत स्वस्त ती आतली खोली. तिला खिडकी नाही. पलंग, कपाट, संडास-न्हाणी सगळे असते, पण दिवा मालवला की दिवसासुद्धा मिट्ट काळोख. तिच्यावर समुद्र दिसणारी खोली. तिला काचेची खिडकी असते, पण ती उघडत नाही. वारा येत नाही, नुसते दिसते. तिच्यावर बाल्कनीची खोली. दार उघडून बाहेर बसता येते, दोन खुर्च्या मावतात. आणि त्याच्याही वर बसायच्या वेगळ्या जागेसह मोठ्या खोल्या, ज्यांचा भाव विचारायला आपण जात नाही.

आता काय वेगळे आणि काय सारखे ते पाहा. रोजच्या जेवणाचे मोठे दालन सामान्यतः सगळ्यांना एकच. उघडी गच्ची सगळ्यांची. खेळ, गाणी, करमणूक सगळ्यांची. गोव्याला उतरायचे तर सगळेच उतरतात. वरच्या दर्जाच्या लोकांना कोठे रांग वेगळी असते, कोठे जेवणाची निराळी जागा असते, पण तो थोडा भाग झाला. म्हणजे जादा पैसे आपण देतो ते खोलीत घालवायच्या वेळासाठी. दिवसभर बाहेर हिंडून फक्त झोपायला खोलीत येणार असाल, तर काळोखातली झोप आणि बाल्कनीतली झोप सारखीच. पण ज्या माणसाला फार हिंडवत नाही, ज्याचे गुडघे दुखतात, त्याचा वेळ खोलीतच जातो. त्याच्यासाठी हिशेब वेगळा.

जिवाच्या बाबतीतही वरचा-खालचा वर्ग नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण दादाने पहिला प्रश्न तोच विचारला. आमच्या किनाऱ्यावरची जुनी माणसे 'रामदास' विसरलेली नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दादाचा जन्म त्यानंतरचा, पण ही गोष्ट ऐकतच तो वाढला. आजच्या मोठ्या बोटींवर प्रत्येक उतारूमागे तराफ्यात किंवा जीवनौकेत जागा आणि जीवरक्षक जाकीट असावे लागते, मग तो कोणत्याही खोलीत असो. बोट निघताना धोक्याच्या वेळी कुठे जमायचे याची कवायत घेतात. ती कंटाळा न करता करावी. सुरक्षितता तिथे मिळते, बाल्कनीच्या पैशांत नाही.

बोटीने गोव्याला जाणे आमच्या माणसांना नवे नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांना आगबोटी जात. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, शेवटी पणजी. 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ही नावे साठीच्या पुढच्या कोणाही कोकणी माणसाला विचारा, डोळे चमकतील. तेव्हाही वर्ग होते. पैसेवाल्यांना केबिन, मधल्यांना अप्पर डेक, आणि आपल्यासारख्यांना लोअर डेक. चटई पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची आणि पडायचे. बऱ्याच बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात बोटी बंद. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. वाढली, बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमान्यांनी समुद्राकडे पाठच फिरवली. मग २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा निघाली, मुंबईहून मोठ्या क्रूझही सुटू लागल्या. पूर्वी गरज म्हणून जायचो, आता हौस म्हणून जातो, एवढाच फरक.

तर घरातला वाद. पुतण्या म्हणाला, "आईने आयुष्यभर सगळे खालच्या दर्जाचेच घेतले. आता पन्नास वर्षांतून एकदा तरी तिला बाल्कनीत बसू दे." सूनबाई म्हणाली, "आईंसाठी मला का वाईट वाटेल? पण हे पंचेचाळीस हजार कार्डावर घेणार, आणि कार्डाचे पैसे वेळेवर नाही फिटले तर व्याज केवढे लागते ते तुम्हाला माहीत आहे. आईंनाच ते आवडणार नाही." दादा म्हणाला, "पंचेचाळीस हजार? यंदा तुडतुड्यांची फवारणी, खत, राखण सगळे व्हायचे आहे. मोहोराचा भरवसा नाही. कशाक होयी बाल्कनी? तिलाही असले काही नको असते." आणि मंडळी, खोटे कशाला सांगू, मीही मध्ये पडले. म्हणाले, "दादा, वहिनीसाठी एवढे करू दे त्याला. निम्मे मी देते." आपण फार मोठे मन दाखवले असे मला तेव्हा वाटले.

रात्री ठरले नाही. एजंटाला दोन दिवस मागून घेतले. "आजच सांगा" म्हणणारा दोन दिवस थांबतो, हेही शिकून ठेवा. गुरांच्या बाजारात दलाल जसा रुमालाखाली हात दाबून घाई करतो, तशीच ही घाई.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला युक्ती सुचली. बाबांना बोट लागते की नाही ते पाहू या म्हणाला. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसईला गाड्या आणि माणसे नेणारी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून चालू झाली आहे. रस्त्याने वसईला जायचे तर पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वळसा पडतो, पाण्यातून साडेतीन किलोमीटर. पाऊण-एक तासाचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते. आम्ही सगळे गेलो. बोटीत रिक्षा होत्या, मोटारसायकली होत्या, चकचकीत मोटारी होत्या. पण बोट सुटली तशी मोटारीतली माणसे खाली उतरली आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायांच्या शेजारी कठड्याला येऊन उभी राहिली. एका बाजूला रेल्वेचा पूल, समोर वसईचा किल्ला. सगळ्यांना वारा तेवढाच लागत होता.

दादा कठड्याला धरून उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ह्यां बरां. माका वारो होयो, बस." त्याला हवी होती ती उघडी गच्ची, आणि ती तर सगळ्यांनाच फुकट असते. दादाचा प्रश्न तिथेच सुटला.

बोट लागण्याची परीक्षा मात्र खाडीत होत नाही, हे सांगायला हवे. खाडीचे पाणी शांत, समुद्राची लाट निराळी. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्या किनाऱ्यावर समुद्र बहुधा निवांत असतो, तरी बोट थोडी हलतेच. आणि इथे खोलीच्या दर्जापेक्षा खोलीची जागा मोठी. एस.टी.त मागच्या बाकावर बसले की हाडे खिळखिळी होतात, मधल्या बाकावर कमी. उसाच्या गाडीत मोळ्यांच्या अगदी वर बसलेला गडी जास्त झुलतो, खाली बसलेला कमी. बोटीचेही तसेच. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. पुढच्या-मागच्या टोकाची आणि उंचावरची जास्त. म्हणजे पुष्कळदा महागडी खोली वर असते आणि जास्त झुलते. ज्याला मळमळते त्याने वरच्या मजल्यावरची बाल्कनी घेणे म्हणजे पैसे देऊन दुखणे घेणे.

वसईहून परत आलो. दुपारी सगळे लवंडले. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा भरत होतो. मी सहज म्हणाले, "वहिनी, बाल्कनी घेऊ या हो. दादाचे मी बघते."

वहिनी डब्याचे झाकण लावता लावता म्हणाली, "वन्सं, कालपासून सगळे माझां नाव घेतत. माका कोणी इचारल्यानच नाय."

मी गप्प झाले. खरेच होते. पुतण्या आईसाठी भांडत होता, सून आईंसाठी नको म्हणत होती, दादा तिच्या वतीने नको म्हणत होता आणि मी वहिनीसाठी पैसे काढत होते. चौघांनी चार मते दिली, आणि जिच्या नावावर दिली ती शेजारीच चकल्या तळत होती.

मी म्हटले, "मग आता विचारते. तुम्हाला काय हवे?"

वहिनीने जे सांगितले ते मला आजवर माहीत नव्हते. १९७५ साली लग्न मुंबईत, लालबागला झाले. मे महिना होता, पाऊस सुरू व्हायच्या आत वऱ्हाड बोटीने देवगडला निघाले. मी तेव्हा बारा वर्षांची. मला तो प्रवास लख्ख आठवतो. दादाचा हात धरून मी वरच होते, वारा खात, बंदरांची नावे मोजत. माझ्या मनात आगबोट म्हणजे तो वारा. दादाच्याही मनात तोच. पण नवी नवरी वर कशी येणार? ती लोअर डेकवर, ट्रंका आणि सासूबाईंना सांभाळत. तिला बोट लागली. दिवसभर आणि अर्धी रात्र ती लोखंडी भिंतीकडे तोंड करून पडून होती. यंत्राची धग, ओकारीचा वास. वहिनी म्हणाली, "दर्यातसून सासराक इलंय, पण दर्यो काय बघूक नाय गावलो."

एकाच बोटीतले एकाच दिवसाचे दोन प्रवास. पन्नास वर्षे आम्ही घरात त्या बोटीच्या गोष्टी रंगवून सांगत आलो आणि ती ऐकत आली. तिला कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

मग तिने दोन गोष्टी मागितल्या. बाल्कनी नको. रात्री उघड्यावर बसून तिचे गुडघे धरतात, आणि धाकटा नातू कठड्यावर चढेल या धास्तीने तिला डोळा लागणार नाही. पण पडल्या पडल्या पाणी दिसेल अशी खिडकी हवी. आणि नात जवळ झोपायला हवी. साखरेच्या दुखण्यामुळे तिला रात्री दोन-तीनदा उठावे लागते, दादाला झोपेतून जाग येत नाही, नात मात्र हाकेला ओ देते.

संध्याकाळी तिलाच सगळ्यांसमोर बोलायला लावले. ती बोलली तेव्हा दादा खाली मान घालून ऐकत होता. त्याला ती लोअर डेकची गोष्ट नवीच होती. शेवटी म्हणाला, "माका सांगलंस नाय कधी." वहिनी म्हणाली, "तुमी खंय इचारलास?" एवढेच. पुढे कोणी काही बोलले नाही.

मग हिशेब सोपा झाला. एक खोली खिडकीची, त्यात दादा, वहिनी आणि नात. दुसरी आतलीच, त्यात पुतण्या, सून आणि नातू. खिडकीच्या खोलीचा फरक माणशी रात्रीला आठशे रुपये होता. तीन माणसे, तीन रात्री, म्हणजे सात हजार दोनशे, अधिक कर. पंचेचाळीस हजारांच्या जागी सात हजार दोनशे. तेही कार्डावर नाही, पुतण्याच्या दिवाळीच्या बोनसमधून. मी निम्मे देणार होते, त्यातून वहिनीला उबदार शाल आणि खालून रबर असलेल्या चपला घेतल्या. बोटीची फरशी ओली झाली की घसरते.

सूनबाईने फोन करून आणखी चार गोष्टी पक्क्या केल्या. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर आणि शक्य तितक्या जवळ. बोटीच्या मधोमध. लिफ्टपासून चार पावलांवर, कारण या बोटींचे बोळ लांबच लांब असतात. आणि खिडकीसमोर जीवनौका टांगलेली नको. काही खोल्यांना खिडकी असते आणि खिडकीत नुसती ती नौकाच दिसते. तसल्या खोल्या थोड्या स्वस्त असतात, पण ज्याला पाणी पाहायचे त्याच्या काय कामाच्या?

डिसेंबरात सगळे जाऊन आले. सगळे छान झाले असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून खरे ते सांगते. बोट लागली ती दादाला नाही, पुतण्याला. पहिला दिवस तो काळोख्या खोलीत पडून होता आणि त्याची खोली खालच्या मजल्यावर मधोमध होती म्हणून निभावले. दादा पहाटे चारला उठून गच्चीवर जाई. गुरांची वेळ अंगात भिनलेली. आमची एक चूक मात्र झाली. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो आणि परत येताना उजव्या. वहिनीची खोली होती उजवीकडची. त्यामुळे जाताना नुसता अथांग समुद्र, किनाऱ्याचा पत्ता नाही. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, दर्याकाठची माणसे असून!

पण परतीच्या रात्री नात उठून सांगत आली, की आजी खिडकीशी बसली आहे आणि झोपायला तयार नाही. पुतण्या गेला. दूर अंधारात एक दिवा लुकलुकत होता. बोट अशा वेळी किनाऱ्यापासून पुष्कळ लांब असते. तो दिवा दीपगृहाचा होता, मच्छीमारी ट्रॉलरचा होता की आणखी कशाचा, देव जाणे. वहिनी म्हणाली, "देवगडची बत्ती." पुतण्या म्हणाला, "होय आई." तो दिवा दिसेनासा होईपर्यंत दोघे बसून होते. शेजारच्या पलंगावर दादाही जागा होता, असे नातीने मला मागाहून सांगितले.

तर मंडळी, वरच्या दर्जाचे घ्यावे की नाही, याचे एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडत नाही. माझ्या वहिनीला खिडकी हवी होती. तुमच्या घरात खरोखरच बाल्कनी लागणारे कोणी असेल. कोंडलेल्या जागेत ज्याचा जीव घाबरा होतो, ज्याला बाहेर फार हिंडता येत नाही, पण वाऱ्यावर बसले की बरे वाटते, त्याच्यासाठी खुशाल घ्या. त्यात उधळपट्टी नाही. उधळपट्टी ती, की जी न वापरणाऱ्याच्या नावाने आणि शेजाऱ्याला फोटो दाखवण्यासाठी केली जाते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर पाच गोष्टी करा. पहिली, भाव माणशी की खोलीचा, रात्रीचा की प्रवासाचा, आणि कर, बंदराचे शुल्क, नोकरवर्गाची बक्षिसी धरून किती, ते लिहून मागा. दुसरी, जादा पैसे देऊन खोलीशिवाय आणखी काय मिळते ते विचारा. काहीच नसेल तर तसे स्पष्ट वदवून घ्या. तिसरी, सगळ्यांचा दर्जा एकदम वाढवू नका. ज्याला गरज आहे त्याचीच खोली बदला. दिवसा त्या खिडकीशी सगळ्यांना पाळीपाळीने बसता येतेच. चौथी, तिसरा-चौथा बिछाना भिंतीतून वर उघडणारा असतो, शिडीने चढावे लागते. तिथे म्हाताऱ्या माणसाला टाकू नका. पाचवी, व्याजाने पैसे काढून दर्जा वाढवू नका. ऋण काढून सण करू नये हे आपल्याच म्हाताऱ्यांनी सांगितले आहे, आणि त्यांच्याच नावाने आपण ते मोडतो.

आणि या पाचांच्या आधी करायची ती सहावी. ज्याच्यासाठी खर्च करायचा त्याला बाजूला घेऊन, हातातले काम थांबवून विचारा, "तुला काय हवे?" पहिल्या खेपेस उत्तर येईल, "मला काही नको." आपल्या बायकांना तेवढेच उत्तर शिकवलेले आहे. तिथे थांबू नका. पुन्हा विचारा. चकल्या तुम्ही तळा आणि तिला बोलू द्या.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी भाजीपाल्याच्या वाफ्यांबद्दल लिहीन म्हणते. तोवर तब्येती सांभाळा, आणि आज रात्री जेवताना घरातल्या थोरल्या बाईला तिच्या सासरी येण्याच्या प्रवासाची गोष्ट विचारा. तुम्हाला माहीत आहे असे वाटत असेल, तरी विचारा.

तुमची,
ताई